फॉरेनची गाडी आणि घरखर्चाची वही

मैत्रिणींनो, 'फॉरेनची' हा शब्द आपल्या घरांतून अजूनही जरा वेगळ्या आवाजात उच्चारला जातो. फॉरेनची साडी, फॉरेनचे घड्याळ, फॉरेनचा साबण. माझ्या आईने तर आत्याने दुबईहून आणलेली साबणाची वडी कधी वापरलीच नाही. वासासाठी म्हणून ती वर्षानुवर्षे ट्रंकेतल्या साड्यांत ठेवलेली होती. साबणाचे किंवा घड्याळाचे ठीक आहे हो, एकदा पैसे मोजले की विषय संपतो. पण गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरी विषय निघाला तो फॉरेनच्या मोटारीचा, आणि मोटारीच्या बाबतीत पैसे मोजल्यावर विषय संपत नाही, तिथून तो सुरू होतो. हे मला तीन आठवडे वही-पेन्सिल घेऊन बसल्यावर कळले. तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

झाले असे की, आमची छोटी गाडी बारा वर्षांची झाली. नवी घ्यायची म्हणून आम्ही अकरा लाख रुपये बाजूला काढले होते. त्यातले आठ यांचे, आणि तीन माझ्या शाळेच्या अर्धवेळ नोकरीतले व सुट्टीतल्या शिकवण्यांचे. हे कामासाठी पुण्याला गेले आणि येताना मोबाइलवर फोटो घेऊन आले. पांढरी, लांबलचक, युरोपात बनलेली गाडी. आठ वर्षे वापरलेली, शेहेचाळीस हजार किलोमीटर चाललेली.

"नवी होती तेव्हा पंचावन्न लाखांची होती. आता अकराला देतोय. अगं, इथल्या नव्या गाडीच्या भावात फॉरेनची गाडी!"

यांचा चेहरा बघून मला लगेच 'नको' म्हणवेना. त्याला कारण आहे. १० मार्च १९८५ या दिवशी मेलबर्नला आपण क्रिकेटची स्पर्धा जिंकलो आणि रवी शास्त्रीला ऑडी गाडी बक्षीस मिळाली. टपावर नि बॉनेटवर बसलेले आपले खेळाडू आणि मैदानाला चक्कर मारणारी ती गाडी, हे दृश्य माझ्या सासऱ्यांनी टीव्हीवर पाहिले होते. त्या काळी रस्त्यावर दिसायच्या त्या फियाट आणि अँबेसेडर, नाहीतर नुकतीच १९८३च्या डिसेंबरात आलेली मारुती. बाहेरून गाडी आणणे सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हते. सासरे ती गोष्ट दरवर्षी सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, "एकदा तसल्या गाडीत बसायचंय." ते राहूनच गेले. आता ते नाहीत. म्हणजे हे अकरा लाख नुसते गाडीचे नव्हते, हे मला समजत होते. म्हणूनच मी ठरवले की हो किंवा नको म्हणण्याआधी सगळी माहिती काढायची आणि घरखर्चाच्या वहीत दोन्ही बाजू लिहायच्या.

आधी शब्दाचा अर्थ

पहिली गोष्ट कळली ती ही की, परदेशी नावाची गाडी आणि परदेशातून आलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्सिडीजच्या कित्येक गाड्या आपल्या चाकणला जोडल्या जातात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरला, बीएमडब्ल्यूच्या चेन्नईला. त्यांचे सुटे भाग खोक्यांतून येतात आणि इथले कामगार गाडी उभी करतात. सुट्या भागांवर जकात कमी बसते, म्हणून किंमतही त्या मानाने आटोक्यात राहते. जी गाडी तयार होऊन, चाकांवर उभी अशी बोटीतून उतरते, ती खरी आयात गाडी. दुकानात 'इंपोर्टेड' म्हणून सांगितलेली गाडी यांतली नेमकी कोणती, हे पहिल्या विक्रीच्या पावतीवरून आणि आरटीओतल्या नोंदीवरून पाहून घ्यावे. कारण पुढचा सगळा हिशेब यावर अवलंबून आहे.

जकातीचे गणित

नवी आयात गाडी एवढी महाग का, हे मला कधी कळत नव्हते. २०२५ सालचे दर धरून मी एक सोपे गणित मांडले. समजा, बंदरात पोचेपर्यंत एका मोठ्या पेट्रोल गाडीची किंमत वीस लाख रुपये झाली. चाळीस हजार डॉलरच्या आतल्या गाडीवर जकात ७० टक्के, म्हणजे चौदा लाख. झाले चौतीस लाख. मोठ्या गाडीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के, आणि तो जकात धरून झालेल्या किमतीवर लागतो, म्हणजे आणखी तेरा लाख साठ हजार. झाले सत्तेचाळीस लाख साठ हजार. त्यावर महाराष्ट्रात आयात गाडीला रस्ता कर २० टक्के. इथे बनलेल्या पेट्रोल गाडीला तो किमतीप्रमाणे ११ ते १३ टक्के असतो. म्हणजे वीस लाखांची गाडी दारात येईपर्यंत पंचावन्न लाखांच्या पुढे जाते. चाळीस हजार डॉलरच्या वरची गाडी असेल तर जकातच ११० टक्के!

वापरलेली गाडी बाहेरून आणणे तर त्याहून कठीण. तिच्यावर जकात १३७.५ टक्के. दहा लाखांची जुनी गाडी जकात आणि जीएसटी धरून बंदरातच सव्वातेहतीस लाखांची होते. शिवाय ती बनल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, सुकाणू उजवीकडेच हवे, वेग दाखवणारा काटा किलोमीटरचा हवा, आणि दिव्यांचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा. तेव्हा दुबईचे भावजी "माझी गाडी पाठवून देतो, वहिनी" म्हणाले, तर त्यांना आनंदाने चहा द्यावा आणि विषय बदलावा. तिकडे सुकाणू डावीकडे असते, ती गाडी इथे येऊच शकत नाही. लंडनच्या गाडीचे सुकाणू उजवीकडे असते, पण काटा मैलांचा.

ही जकात कोणाला चुकत नाही. शास्त्रीच्या गाडीची जकात सरकारने माफ केली होती. पण २००२ साली सचिन तेंडुलकरला भेट मिळालेल्या फेरारीच्या जकातमाफीवरून एवढा गाजावाजा झाला की शेवटी फियाट कंपनीनेच ती भरली. आता दर उतरू लागतील अशी चिन्हे आहेत. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ रोजी जो करार झाला, त्यात ठराविक संख्येच्या गाड्यांवरची जकात टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले आहे. म्हणून नवी गाडी घ्यायचीच असेल तर त्या दिवशीचा दर विचारावा, माझ्या वहीतला धरून चालू नये.

फायदे, अगदी मनापासून

माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको, म्हणून फायदे आधी लिहिते.

एका रविवारी पुण्याला जाऊन आम्ही ती गाडी चालवून पाहिली. सासूबाईही बरोबर होत्या. दार लागले आणि बाहेरचा सगळा आवाज गेला, देवघराचे दार लावल्यासारखा. खंबाटकीच्या घाटापर्यंत जाऊन आलो, तरी पाठीला एवढेसे कळले नाही. माझी पाठ बाळंतपणापासून दुखते, हे तुमच्यापैकी पुष्कळजणींना सांगायला नको. त्या आसनावर मला झोप लागली. उगाच कशाला खोटे बोलू?

दुसरा फायदा सुरक्षिततेचा. आठ वर्षांपूर्वी आपल्याकडच्या बेताच्या गाड्यांत एअरबॅग म्हणजे जास्तीचे पैसे मोजून घ्यायची चैन होती. त्या काळच्या या गाडीत सात एअरबॅगा आहेत, ओल्या रस्त्यावर गाडी घसरू न देणारी यंत्रणा आहे. मुले मागे बसतात, तेव्हा या गोष्टी आईच्या मनात पहिल्या येतात. पण इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक म्हणजे आता इथल्या नव्या गाड्याही खूप सुधारल्या आहेत. पुढच्या दोन्ही एअरबॅगा सक्तीच्या झाल्या आहेत, आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशाची स्वतःची धडक-चाचणी सुरू झाली आहे. तिच्यात पाच तारे मिळालेल्या इथल्या गाड्या आपल्या बजेटात बसतात. दुसरी म्हणजे गाडी कितीही भारी असली तरी पट्टा आपणच लावायचा असतो. २०२२ साली पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघातात मृत्यू झाला, तेव्हा गाडी उत्तम होती, पण मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते.

तिसरा फायदा पैशाचा, आणि तो खरा आहे. जकात, जीएसटी, रस्ता कर हा सगळा भार पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पहिल्या काही वर्षांत किंमत झपाट्याने उतरते, ती त्याच्या खिशातून. दुसऱ्याला तीच गाडी पाचव्या हिश्शात मिळते. विक्रेता हेच सांगत होता आणि त्यात खोटे काहीच नव्हते. त्याने जे सांगितले नाही, ते पुढे आहे.

तोटे, एकेक करून

आमच्या गल्लीत एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे अशीच एक आयात गाडी होती. मी त्यांच्याकडे गेले आणि सरळ विचारले. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली आणि म्हणाल्या, "ही बघ, ही गाडीची नाही, गाडीच्या एका दिव्याची फाइल आहे."

उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा मागचा कोपरा लागून त्यांच्या गाडीचा पुढचा एक दिवा फुटला. आपल्या गाडीचा दिवा फुटला तर आपण कराडातच संध्याकाळपर्यंत बसवून घेतो. त्यांचा दिवा परदेशातून यायचा होता. अकरा आठवडे लागले. बिल झाले एक लाख साठ हजार. विमा होता, पण विम्यात प्लास्टिक, रबर, नायलॉनच्या भागांवर निम्मी घट धरतात. काचेला घट धरत नाहीत, पण दिव्याचे कवच प्लास्टिकचे. ही घट न धरणारा जादा विमा मिळतो, तो साधारणपणे गाडी पाच वर्षांची होईपर्यंत. त्यांची सात वर्षांची. म्हणजे ऐंशी हजार घरातून गेले, आणि अडीच महिने त्या रिक्षाने दवाखान्यात जात होत्या.

घरी आल्यावर मी वहीत एक वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिले: गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. गाडी आपल्याला अकरा लाखांत मिळाली, तरी तिचा दिवा, तिचा बंपर, तिचा गिअरबॉक्स पंचावन्न लाखांच्या गाडीचाच राहतो. सासूबाईंना हे वाचून दाखवले तर त्या वाती वळता वळता म्हणाल्या, "म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला." मी आठवडाभर जे शोधत होते, ते त्यांनी एका ओळीत सांगून टाकले.

बाकीचे तोटे थोडक्यात सांगते.

टायर: अशा पुष्कळ गाड्यांना स्टेपनीच नसते. टायर जाड बाजूंचे असतात, हवा गेली तरी थोडे अंतर चालतात. पण आपल्याकडचा पंक्चरवाला त्यांना हात लावायला बघत नाही. एक टायर अठरा हजारांचा.

उंची: गाडी जमिनीलगत. आपल्याकडचा गतिरोधक नियमाप्रमाणे दहा सेंटिमीटर उंच असावा. पण नियम वाचून गतिरोधक बांधलेला मी तरी अजून पाहिलेला नाही. आमच्या शाळेजवळच्या गतिरोधकावर तिचे पोट घासणार हे नक्की. शिवाय बसताना खाली वाकावे लागते आणि उतरताना वर चढावे लागते. सासूबाईंच्या गुडघ्यांना तो त्रास पहिल्याच दिवशी झाला.

पेट्रोल: आता आपल्या पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतर इथे बनलेल्या गाड्या ते धरूनच बनवलेल्या असतात. त्या गाडीच्या पेट्रोलच्या झाकणाच्या आत बघितले तर दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असे लिहिलेले होते. जास्त इथेनॉलने जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील लवकर खराब होऊ शकतात. विक्रेता म्हणाला, "काही होत नाही, ताई." मी म्हटले, "मग तसं कंपनीकडून लिहून आणून द्या." ते कागद अजून आलेले नाहीत.

दुरुस्ती: या गाड्यांची बॅटरी बदलली तरी ती गाडीच्या संगणकाला कळवावी लागते. आपला नेहमीचा मेकॅनिक प्रामाणिक असतो, हुशारही असतो, पण त्याच्याकडे ते यंत्र नसते. कंपनीचे केंद्र पुण्याला, म्हणजे एकशे साठ किलोमीटर. गाडी बंद पडली तर ट्रकवर घालून न्यायची.

वय: पंधरा वर्षांनी नोंदणी पुन्हा करावी लागते. एप्रिल २०२२ पासून साध्या मोटारीला त्याचे पाच हजार रुपये पडतात, आयात मोटारीला चाळीस हजार. वीस वर्षांनंतर दहा हजार आणि ऐंशी हजार. ही गाडी आताच आठ वर्षांची आहे.

वहीतला हिशेब

मग एका रात्री जेवणे आटोपल्यावर मी वही यांच्यापुढे ठेवली. म्हटले, "अहो, मी नको म्हणत नाही. फक्त हे रकाने तुम्ही भरा. तुम्हीच फोन करून विचारा, म्हणजे माझे आकडे नकोत." महिन्याला आठशे किलोमीटर आणि लिटरला १०५ रुपये धरायचे ठरले. तीन संध्याकाळी यांनी फोन केले. एका वर्षाचा हिशेब असा आला.

फॉरेनची जुनी गाडी, लिटरला नऊ किलोमीटर: पेट्रोल १,१२,०००. विमा ४०,०००. सर्व्हिसिंग ४५,०००. टायर, तीन वर्षांत वाटून, २४,०००. अडीअडचणीसाठी बाजूला ७५,०००. एकूण २,९६,००० रुपये.

इथली नवी गाडी, लिटरला अठरा किलोमीटर: पेट्रोल ५६,०००. विमा २५,०००. सर्व्हिसिंग १०,०००. टायर ८,०००. अडीअडचणीसाठी १०,०००. असे एकूण १,०९,००० रुपये.

वर्षाचा फरक एक लाख सत्त्याऐंशी हजार. यांनी बाराने भागले. महिन्याला साडेपंधरा हजारांच्या वर.

यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. माझा शाळेचा पगार महिन्याला चौदा हजार आहे. तो आकडा त्याच पानावर, वर, जमेच्या बाजूला लिहिलेला होता. सकाळी सातला डबे भरून मी जी धावत शाळेत जाते, वह्या तपासते, ते सगळे त्या गाडीच्या पोटात जाऊन वर आणखी दीड हजार लागणार होते. हे मी तोंडाने म्हटले असते तर भांडण झाले असते. वहीने सांगितले म्हणून ते ऐकले गेले.

तरी खरे सांगू? त्या रात्री मलाही वाईट वाटले. माणसाने आयुष्यभर हिशेबच करायचे का, असे मनात आले. पण पंचाहत्तर हजारांचा तो अडीअडचणीचा रकाना मला झोपू देईना. ते पैसे बाजूला टाकायला आमच्याकडे दरवर्षी असतीलच असे नाही. मुलीचे दहावीनंतरचे शिक्षण दोन वर्षांवर आले आहे. ज्या वर्षी तिची फी आणि गाडीचा गिअरबॉक्स एकदम समोर उभे राहतील, त्या वर्षी कोण थांबेल? गाडी दारात बंद पडलेली लोक बघतात. मुलीचे थांबलेले कोणाला दिसत नाही.

मग कोणी घ्यावी?

घेऊच नये असे मी म्हणणार नाही. जे पुण्या-मुंबईला राहतात, ज्यांच्या घरापासून दुरुस्तीचे केंद्र जवळ आहे, ज्यांच्याकडे रोजच्या धावपळीला दुसरी गाडी आहे आणि वर्षाकाठी दोन-तीन लाख खर्च झाले तरी ज्यांचे दुसरे काही अडत नाही, त्यांनी हौसेने घ्यावी. हौसेला मोल नसते, पण हौसेला देखभाल असते. आणि ज्यांना त्याच नावाची गाडी हवी आहे, त्यांनी इथे जोडलेले मॉडेल बघावे. तिचे भाग त्यामानाने लवकर मिळतात.

बघायला जाणार असाल तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. गाडी तयार होऊन आली आहे की इथे जोडलेली? जकातीचे कागद आहेत का?

२. आतापर्यंतच्या सगळ्या सर्व्हिसिंगच्या पावत्या आहेत का? शेवटच्या दोन वर्षांच्या नसतील तर पुढे जाऊ नका.

३. पुढचा दिवा, पुढची काच आणि बंपर यांची आजची किंमत काय आणि ते यायला किती दिवस लागतात? हे विक्रेत्याला नव्हे, कंपनीच्या केंद्राला फोन करून विचारा.

४. हे मॉडेल कंपनी अजून इथे विकते का? विकणे बंद झाले असेल तर भाग मिळणे आणखी अवघड.

५. कोणते पेट्रोल चालते? झाकणाच्या आत स्वतः वाचा.

६. विमा किती रकमेचा मिळेल, आणि घट न धरणारा जादा विमा या वयाच्या गाडीला मिळेल का?

७. गाडी परराज्यातली आहे का? दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाची बंधने आली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. पण ती कायमची इथे आणायची तर तिकडच्या आरटीओचे ना हरकत पत्र आणि इथला रस्ता कर लागतो. विक्रेत्याच्या किमतीत तो बहुधा धरलेला नसतो.

८. शंभर-दोनशे किलोमीटर चालवल्यावाचून आणि आपल्या ओळखीच्या माणसाने खालून तपासल्यावाचून बयाणा देऊ नका. पावसाळ्यात पाण्यात बुडालेल्या गाड्या चकाचक करून विकतात. आसनाखालचे गालिचे उचला, वास घ्या. नाक आपले चांगले असते, डाळीला कीड लागली तर आपल्यालाच आधी कळते.

आणि नववा प्रश्न घरातला. हे पैसे दुसऱ्या कशासाठी ठेवले होते, आणि ते बाजूला ठेवणाऱ्या सगळ्यांना विचारले आहे का? पैशात आपला वाटा तीनच लाखांचा असेल, किंवा एक रुपयाही नसेल. तरी महिन्याचा खर्च जिला भागवायचा असतो, तिने वही पुढे ठेवायला संकोच करू नये.

आम्ही शेवटी साडेनऊ लाखांत इथलीच नवी गाडी घेतली. पाच ताऱ्यांची आहे, रंग यांनी पांढराच निवडला. उरलेले दीड लाख मुलीच्या नावाने ठेवले. पूजेच्या दिवशी हे म्हणाले, "बाबांना ही आवडली असती का गं?" मी काही उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "त्यांना बसायचं होतं, ते मी बसून आले. आता नारळ फोडा, ऊन वर येतंय."

तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि माझे काही चुकले असेल, तर जरूर लिहा. चांगला अनुभव असेल तर आधी लिहा. पुढच्या आठवड्यात आपण वर्षाचे लाल तिखट कसे साठवावे ते पाहू. मिरची आणताना देठासकट आणा, देठ काढू नका. का ते तेव्हा सांगेन.